रुमियानाचा वाफा

१४ एप्रिल

फळ्या मिळाल्या — फुकट! शवपेट्या करणाऱ्या सुताराकडे उरल्या होत्या. दोन लांब, दोन आखूड. माझ्याकडे करवत नाही, म्हणून लांब होत्या तशाच ठेवल्या आणि खिडकीखाली चौकट ठोकली. माणूस आरामात झोपेल एवढा वाफा झालाय. चालेल.

रुमियाना रविवारी फोनवर म्हणाली, "पुडीतली चुब्रित्सा नको मला. घरची लाव, मग बघू यायचं." पाच वर्षं इटलीत एका म्हाताऱ्या बाईची, तिच्या सिन्योराची, देखभाल करतेय. दर वर्षी कायमची परत येणार असते, पण सिन्योराच्या मुलीला नाही म्हणायला हिची जीभ रेटत नाही. चुब्रित्सा म्हणजे शेवटी आम्हा बल्गेरियन लोकांचा डाळीत घालायचा पाला. पण त्याच्यावर बायको परत येणार असेल तर मी डोंगरभर लावीन.

१७ एप्रिल

माती बांधकामावरून आणली. चार खेपा. कंबर गेली.

खत विकत? छे! रुमियानानं पाठवलेल्या कॉफीच्या मोठ्या डब्यात वर्षभराचा चोथा वाळवून ठेवलाय. डब्याचं झाकण ढिलं, म्हणून छातीशी धरून नेला. ओतताना वारा आला आणि चोथा थेट डोळ्यांत! घळाघळा पाणी. वरच्या बाल्कनीत गेंका आजी उभ्या होत्या. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि आत गेल्या. खताचं एवढं काय ते!

१८ एप्रिल

गेंका आजी पुदिना घेऊन आल्या, मुळांसकट. म्हणाल्या, देव तिला क्षमा करो. कशाबद्दल ते विचारलं नाही. पुदिना लावला.

२१ एप्रिल

दिमो आला. आमच्या इमारतीचा कारभारी, एरवी मान हलवायलाही महाग. आज बेसिलची चार रोपं! खांदा दाबून म्हणाला, "डब्यातून आणलीस ते बरं केलंस. अख्खी आणायची म्हणजे फार सोपस्कार."

मी म्हटलं, डबा तिनंच पाठवला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

२२ एप्रिल

दाढी करताना डोक्यात प्रकाश पडला. यांना वाटतंय डब्यात रुमियाना होती!

२३ एप्रिल

सांगायला गेलो होतो. खरंच गेलो होतो. आजींच्या दारात सुरुवात केली, की ती दर रविवारी माझ्याशी बोलते. आजी म्हणाल्या, "माझा नवराही पहिलं वर्षभर बोलायचा, बाळा. मग थांबतात." आणि हातात थाइमचं रोप ठेवलं.

घेतलं. चोरासारखा जिना उतरलो.

५ मे

सोळा रोपं झाली, एक पैसा न घालता. चुब्रित्सा मात्र कुणी देत नाही — थडग्यावर मसाला कोण लावतं! तिचं बी मीच पेरलं. शेजारी वाफ्यावर लावून जातात त्या मेणबत्त्यांचं मेण रोज खरवडतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी काल वाफ्यावर वाइन ओतली, पार्सलीनं मान टाकली. लाज वाटते. पुदिन्याकडे बघितलं की जरा कमी वाटते.

२६ मे

चोथा ओतल्याचा चाळिसावा दिवस, म्हणजे मेलेल्याच्या स्मरणाचा. माझ्या ध्यानातही नव्हतं, इमारतीच्या होतं. वाफ्याशेजारी टेबल, त्यावर साखर घातलेला उकडलेला गहू. दिमोनं रिवाजाप्रमाणे मुख्य दारावर छापील कागदही चिकटवला. वर काळ्या चौकटीत रुमियानाचा फोटो, खाली "चाळीस दिवस तुझ्याविना". सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलत होते. मी दोन वाट्या गहू खाल्ला.

आणि मग रडलो. या वेळी वारा नव्हता. चाळीस दिवस कसले, पाच वर्षं झाली.

२७ मे

मेलो! तिच्या मावसबहिणीनं दारावरचा कागद वाचला आणि सांत्वनाला इटलीत बर्गामोला, सिन्योराच्या घरी फोन लावला. उचलला रुमियानानंच. बहीण जागीच आडवी.

मग रुमियानाचा मला फोन. मी सगळं सांगून टाकलं, डबा, चोथा, सोळा रोपं. ती म्हणाली, "चुब्रित्सा उगवली का?"

उगवली, बोटभर.

"कशालाही हात लावू नकोस. पंधरा दिवसांची रजा घेऊन येतेय."

आवाजावरून काही कळेना. पंधराच दिवस. त्यातले दहा तरी भांडणात जाणार.

३० मे

आली. बाल्कनीत गेंका आजी मटकन खाली बसल्या. रुमियानानं दारावरचा कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला. फोटो कुणी निवडला एवढंच विचारलं. मग नखानं अलगद सोडवला. फाडला नाही. पाकिटात घालून वर सिन्योराच्या मुलीचा पत्ता लिहिला.

"तिला बल्गेरियन येत नाही," म्हणाली. "पण काळ्या चौकटीतला फोटो कळेल. आता मला परत नाही बोलावणार."

आणि कात्री घेऊन खिडकीखाली चुब्रित्सा कापायला गेली.