पाक्दे, तुमचे तीनशे बारा

तीर्थरूप पाक्दे,

तुमच्या धाकट्या भावाच्या लेकीचा, वेनिंगचा सलाम. गुडघे काय म्हणतात? बुदे काकूंचा खोकला गेला का? (मी पाठवलेला मध बाबांनी वाटेतच संपवला असेल तर तसं कळवा.)

पावसाच्या अभ्यासासाठी प्रोग्राम लिहायला शिकवणारी माझी उमेदवारी शुक्रवारी संपली. (कागदावर तिला 'उन्हाळी' म्हणतात, आपल्याकडे घाम कुठल्या महिन्यात थांबतो ते त्यांनाच ठाऊक.) आमच्या प्रमुख बू सेकार बाई फार भल्या. त्यांचा नियम एकच, एकाचा प्रोग्राम दुसऱ्याने वाचायचा आणि चुका तोंडावर सांगायच्या. आता जावा बेटावर वाढलेलं माणूस कुणाच्या तोंडावर चूक सांगेल? सोबतचा सेतो माझा प्रोग्राम वाचून "छान आहे हं, अगदी छान" म्हणायचा, मी त्याचा वाचून तेच म्हणायचे. बू सेकार एकदा म्हणाल्या, "प्रोग्राम वाचताय की लग्नाला आलायत?" त्यालाही आम्ही "हो बू" म्हणालो.

माझा प्रोग्राम गावोगावच्या पावसाच्या वह्यांतल्या अशक्य नोंदी काढायचा. दिवसाला दोनशे मिलिमीटरच्या वर आकडा गेला की बाद, आणि ते केंद्र संशयित. दोनशेच का, हे सेतोने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. (गोल आकडा दिसायला बरा.) यादीत पहिलं नाव तुमचं आलं. पुराच्या साली तुम्ही लिहिलेले तीनशे बारा! यादी वरच्या कचेरीत गेली आणि तुमच्या अंगणातलं पर्जन्यमापक काढायचं ठरलं. एकतीस वर्षं रोज सकाळी सातला तुम्ही पाऊस मोजलात, बुदेंच्या बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा. (त्या अजून ऐकवतात.) मला फार वाईट वाटतं, पाक्दे. जेवण जात नाही.

तुमची,
वेनिंग

ता. क. मंगळवारी कचेरीची माणसं येतील. तुम्ही त्यांना चहा पाजाल, "हो हो, न्या ना" म्हणाल आणि स्वतः उचलून गाडीत ठेवाल. कृपा करून एकदा 'नाही' म्हणा. बू सेकारना मी सगळं सांगितलंय. यादी मागे घ्यायला त्यांना वहीतलं ते मूळ पान हवंय. बाबांबरोबर लगेच पाठवा.

पुन्हा ता. क. नजरचुकीने झालं असं वर वाटलं असेल, तर ते खरं नाही. यादी जाण्याआधी तो आकडा मी पाहिला होता. पुराच्या त्या सकाळी कमरेभर पाण्यात तुम्ही मला खांद्यावर घेऊन पर्जन्यमापकातल्या पाण्याने मापाचा पेला पुन्हा पुन्हा भरत होतात आणि बेरीज मी मोठ्याने म्हणत होते. बू सेकारनी विचारलं, "कुणाला काही शंका?" सगळे गप्प बसले, म्हणून मीही बसले.