चौथी तुकडी

४ डिसेंबर
पुन्हा हरलो. ५-२. खाटकीण आपोलोनियाने मांस कापता कापता ऐकवलं — बर्फावरच्या हॉकीत चौथी तुकडी उतरवणं म्हणजे लग्नात कालचं सूप वाढणं! मी म्हटलं, कालचंच जास्त मुरलेलं असतं. सॉसेज न घेताच परत आले. नाहीतरी नाताळाआधी मांस कमीच खावं.

गेल्या वर्षी आम्ही तळाला होतो, चांगले खेळाडू सोडून गेले. उरलेल्यांना घेऊन माझा नवरा वेंडेलिन संघ पुन्हा उभा करतोय. पूर्वी दहाच जण खेळायचे, बाकीचे बाक झिजवायचे. आता पाच-पाचांच्या चार तुकड्या, सगळ्यांना बर्फावर सारखाच वेळ. समोरच्याला त्याच्याच गोलापाशी गाठायचं, जीव तोडून पळायचं आणि दमायच्या आत बाहेर. हे अंगात मुरायला वेळ लागतो. देतंय कोण!

८ डिसेंबर
चर्चहून आलो तर क्लबचे अध्यक्ष गायदोश दारात. सहा जानेवारीपर्यंत पुन्हा दोनच तुकड्या खेळवा, नाहीतर नवा प्रशिक्षक आणतो म्हणाले. वेंडेलिन बटाटे सोलायला बसला. अध्यक्ष जाईपर्यंत सोलतच राहिला.

१३ डिसेंबर
आज मीच मोजलं. तुकडीची बर्फावरची एक पाळी म्हणजे तीन ‘नमो मरिया’ म्हणण्याइतका वेळ. जपमाळ हातात होतीच. (देवा, क्षमा कर.) लाकूड-कारखान्यातल्या इम्रोची चौथी तुकडी बरोब्बर तीनला बाहेर. पहिली मात्र पाच झाले तरी बर्फावर! रेंगाळतो कोण? कप्तान. आमचाच दिओनीझ.

जेवताना सांगितलं. पोरगा भडकला.

“आई, तू चर्चमध्ये मोज. लोक मला बघायला येतात.”

“मग दमलेला कशाला दाखवतोस?”

१९ डिसेंबर
बापाने लेकाला शेवटची वीस मिनिटं बाकावर बसवलं. जिंकलो! इम्रोच्या तुकडीचे दोन गोल. घरी दोघांचा अबोला. एकाच पातेल्यातलं कोबीचं सूप वाढलं दोघांना.

२६ डिसेंबर
जिंकलो. दिओनीझ आता तीनला बाहेर येतो. माझ्याकडे बघत नाही.

६ जानेवारी
तीन राजांचा सण. शेवटच्या मिनिटापर्यंत २-२. अध्यक्षांनी निरोप पाठवला, पहिली तुकडी उतरवा. वेंडेलिन म्हणाला, “पाळी चौथीची आहे.” इम्रो घसरला, समोरच्यांचा गोल झाला. बर्फ पुसायच्या आत वेंडेलिनला काढलं.

घरी येताना म्हणाला, पुन्हा तेच करीन. मीही तेच सांगितलं असतं. आपोलोनियाने विचारलं, आता झालं ना समाधान? म्हटलं, हो. हरलो तर वीसच्या वीस हरलो.

९ जानेवारी
नव्या प्रशिक्षकाचा पहिला सराव. दोन तुकड्या. इम्रो आणि बाकीचे बाकावर.

दिओनीझ सराव अर्धा टाकून घरी आला. टेबलावर तीन जर्सी ठेवल्या — त्याची आणि दोन्ही उपकप्तानांची. छातीवर पदाचं अक्षर शिवलेल्या.

“दहाजणांचा कप्तान मी होणार नाही. ते दोघंही तेच म्हणतात. आई, अक्षरं उसव.”

वेंडेलिनने माझा चष्मा आणून दिला.