अंबिकाच्या नावचे दोन एकर

ठाणाकुशनूर
ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. मंजुश्रीस अंबिकाअक्काचे अ. उ. आ.

चिठ्ठी बघून घाबरू नको. फोन सारखा तुझ्या दाजींच्याच हातात असतो, म्हणून अंगणवाडीच्या जगदेवीबाईंसंगं मैलूरला धाडायलेय.

तुझ्या शेतकी ऑफिसात माझ्या नावाची ठिबकची फाईल आलीय म्हणं. मामंजींनी त्यांच्या नावावर अनुदान आधीच घेतलेलं, म्हणून औंदा माझ्या नावानं मागितलं. त्यासाठीच नाल्याकडचं दोन एकर कागदावर मला केलंय. नळ्या मात्र दुकानदाराच्या. त्यानं फोटोपुरत्या अंथरल्या अन् दुसऱ्या दिवशी शेजारच्या मल्लप्पाच्या रानात न्हेल्या. तपासणीला तूच यायलीस असं कळलं. सकाळी लवकर ये, तोवर परत आणून ठेवतेत. तुला लवकर उठणं जमत न्हाई, ठाऊक हाय, पण ये. मामंजी म्हणलेत, घरचीच पोरगी हाय, डोळे झाकंल. तू आडवी गेलीस तर हितं माझं काय हुईल, ते सांगायला नको.

अक्कावरची माया आटू देऊ नको.

तुझी अंबिका


मैलूर, बिदर
ता. ५ नोव्हेंबर

ती. अक्कास मंजूचा सा. न. वि. वि.

चिठ्ठी जगदेवीबाईंसमोर वाचायला घेतली अन् अर्ध्यावरच घडी घातली.

मग फाईल बघितली. शेवटच्या पानावर कन्नडात छापलंय, की सगळं साहित्य माझ्या शेतात बसवलंय, खोटं निघालं तर जबाबदार मी. खाली तुझी सही. तुझ्या मामंजींची, किशनरावांची न्हाई, दाजींची न्हाई, दुकानदाराची तर न्हाईच. कुणी वाचून दाखवलं होतं का गं तुला? उद्या चौकशी लागली तर पोलीस तुझं नाव विचारत दारात येतील.

मी साहेबांना सांगितलं, ही माझी बहीण हाय, मला पाठवू नका. आता मंगळवारी ते स्वतः येणारेत. पैसे अजून सुटले न्हाईत. नळ्या बसल्या न्हाईत असं तू आपणहून लिहून दिलंस, तर फक्त अर्ज रद्द हुईल. माझ्यावर राग काढ, पण एवढं कर.

रागातही लोभ राहू दे.

मंजू


ठाणाकुशनूर
ता. ७ नोव्हेंबर

चि. मंजूस,

आज आशीर्वाद लिहायला हात उठंना. साहेब येणार म्हणल्यावर मामंजींनी भरलं ताट सारलं. म्हणाले, बहिणीनंच गळा धरला. तुझे दाजी म्हणाले, काई उलटं झालं तर माहेरची वाट धर.

तू सांगितलेलं जगदेवीबाईंकडून कन्नडात लिहून घेतलंय. कागद पदरात बांधून फिरायलेय. देईन का न्हाई, मलाच ठाऊक न्हाई.

अंबिका


ठाणाकुशनूर
ता. १४ नोव्हेंबर

चि. मंजूस अक्काचे पोटभर आशीर्वाद.

साहेब आले तवा नळ्या आपल्या रानात व्हत्या. मामंजी हौसेनं दाखवायलेते. साहेबांनी फोटोसाठी मला नळ्यांजवळ उभं केलं. मी म्हणलं, साहेब, जरा ओढून बघा. त्यांनी वाकून नळी ओढली, तर सगळी लांब नळी तशीच हातात आली. बोअरला जोडलेलीच न्हवती. मग मी कागद दिला.

अर्ज रद्द झाला. मामंजी अन् तुझे दाजी माझ्याशी बोलत न्हाईत. मला माहेरी धाडायची भाषा सुरू झाली, ती सासूबाईंनीच मोडली. म्हणाल्या, सून गेली तर दोन एकर बी तिच्यासंगं जाईल. तवा कुठं समद्यांना उमगलं, जमीन खरंच माझी हाय! काल मामंजींनी ती परत लिहून घ्यायचा कागद पुढं केला. मी सही केली न्हाई.

रविवारी त्याच दोन एकरात हरभरा पेरायलेय. घरचं कुणी बैल जुंपंना, म्हणून मल्लप्पाची तिफण सांगितलीय. सासूबाई ओटीत बी घेऊन यायला तयार हायत. तुला सुट्टीच असंल, ये.

वाट बघणारी,
अक्का