एक फूल, अकरा दिवस

ती. ताईंना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात मनगटापर्यंत जांभळा आहे, तो डोळ्यांसमोर आणू नये.) तुमचा गुडघा आता कसा आहे? साडूभाऊंचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात क्षेम म्हणावं असं या घरात काही उरलेलं नाही. तुमची धाकटी बहीण गेले अकरा दिवस तुमच्याकडे आहे, तेव्हा तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल. आता माझी ऐका.

तिच्या वर्गातल्या बायकांनी हाताने केलेल्या भेटकार्डांचं प्रदर्शन भरवलं आणि उद्घाटनाला मला बोलावलं. "पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं," असं हिने तीनदा बजावलं होतं. मी पन्नास मिनिटं बोललो. पण ताई, माझी बाजू समजून घ्या. माणसांवर शिक्के मारणाऱ्यांविरुद्ध ज्याने चाळीस वर्षं घसा कोरडा केला, त्याच्यासमोर भिंतभर शिक्के मारलेली फुलं! रबरी ठशाला शाई लावा, कागदावर दाबा, फूल तयार. मग बसा आत रंग भरत. माझ्याने राहवलं नाही. मी गरजलो, "ही कला नव्हे, ही कारकुनी आहे! रेघेबाहेर न जाणारा रंग हा गुलामीचा रंग आहे!" सभागृहात एकाच माणसाने टाळी वाजवली. तो चहावाला होता आणि त्याला रिकामे कप परत हवे होते.

घरी आल्यावर ही एक शब्द बोलली नाही. (बत्तीस वर्षांच्या संसारात याहून वाईट लक्षण मी पाहिलेलं नाही.) बॅग भरली, टेबलावर एक ठसा ठेवला आणि दारातून म्हणाली, "कारकुनी ना? मग एक फूल रंगवून पाठवा. जमलं की येते."

त्यात काय जमायचंय, असं मला वाटलं. माझ्या संस्थेच्या कामाचा शाईचा पॅड घरात होताच. ठसा दाबला, फूल झकास उमटलं. त्यावर ओला कुंचला फिरवला मात्र, पाकळ्या, देठ, पानं, सगळं विरघळून कागदभर जांभळा चिखल झाला. अशी सोळा फुलं माझ्या हातून गेली. सतराव्या वेळी घाईत फुलाऐवजी संस्थेचाच ठसा उचलला आणि कार्डाच्या मधोमध 'अध्यक्ष' उमटलं. (त्याला मी दोन पानं काढून पाहिली. चांगलं दिसत नाही.) शेवटी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "पाण्याने पसरणारी शाई हवी की न पसरणारी?" मी म्हणालो, "अहो, शाई पसरली नाही तर विचार पसरणार कसे?" तो म्हणाला, "काका, विचारांचं नंतर बघू. फुलावर पाणी घालणार असाल तर न पसरणारी घ्या. काकू तीच नेतात." एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि मी तिच्यावर पन्नास मिनिटं बोललो होतो!

मग हिची वही उघडली. तीत लिहिलंय, 'मिश्र माध्यम'. म्हणजे एकाच फुलावर आधी जलरंग, त्यावर रंगीत पेन्सिल, कडेला खडू बोटाने पुसून, आणि शेवटी पांढऱ्या पेनाचे ठिपके. भिन्न मतांच्या माणसांनी एकत्र कसं नांदावं, यावर मी शेकडो व्याख्यानं दिली आहेत. पण ही चौघं माझ्या हाताखाली एक तासही नांदेनात. ओल्या रंगावर पेन्सिल चालवली, कागदाला भोक पडलं. वहीत पुढची ओळ होती, 'वाळू द्यावं. घाई करू नये.' तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या. त्या वहीत आणखी कुठेही अशा रेघा नाहीत, तेव्हा त्या कोणासाठी आहेत हे मला कळतं.

पांढरं पेन शोधायला काल हिचा खण उघडला, आणि ताई, तो बंद करायचं राहूनच गेलं. खणात तयार कार्डांचा गठ्ठा. प्रत्येकावर फूल, आणि आत हिच्या अक्षरात एकच मजकूर: 'काल यांचं भाषण जरा लांबलं, त्याबद्दल क्षमा असावी. माणूस मनाने चांगला आहे. पुन्हा बोलवावं.' सोबत यादी. गेल्या तीस वर्षांत मला ज्यांनी ज्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं, त्या सगळ्यांची नावं, कार्ड पाठवल्याच्या तारखेसह! आणि मी जन्मभर समजत होतो की लोक मला माझ्या विचारांच्या धारेसाठी बोलावतात. यादीत शेवटी त्या प्रदर्शनवाल्या बायकांचं नाव आहे. त्यापुढे तारीख नाही.

मग ती फुलं मी चष्मा पुसून नीट पाहिली. प्रत्येक फुलाची एक पाकळी रेघेबाहेर गेलेली आहे. चुकून नव्हे, रंग अगदी हलका होत, सावकाश बाहेर पडलाय. ज्याला गुलामी म्हणालो, ते मी पाहिलंच नव्हतं.

सोबत माझं कार्ड पाठवतोय. त्रेचाळिसावं आहे. रात्रभर वाळू दिलंय. सगळ्याच पाकळ्या रेघेबाहेर आहेत. आत काही लिहिलेलं नाही, कारण मसुदे चार केले आणि त्यातला सर्वांत छोटा अकरा पानांचा झाला.

आपला,
न बोलावलेला धाकटा मेव्हणा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नये. फक्त कार्ड द्यावं.

ता. क. दाखवणारच असाल तर 'अध्यक्ष' हा भाग अंगठ्याखाली झाकावा.

ता. क. खरं काम राहिलंच. येत्या शनिवारी त्याच सभागृहात, त्याच बायकांसमोर माफी मागायला उभा राहतोय. मीच वेळ मागून घेतली. पाच मिनिटं दिली आहेत आणि मी पाचच घेणार आहे. तरी तिला म्हणावं, शुक्रवारपर्यंत ये, पहिल्या रांगेत बस, आणि येताना दोन-तीन कार्डं रंगवून आण. गठ्ठ्यातली पुरायची नाहीत, आणि माफीची प्रस्तावनाच सध्या वीस मिनिटांची होतेय.