चार दोऱ्यांना समान न्याय

३ जून, सकाळ
कपडे वाळत घालायची, छताला टांगलेली चौकट पुन्हा तिरकी. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या. एक ताणून जीव देतेय, बाकीच्या तिघी मजा बघतायत. बायको म्हणाली, गाठी नीट आवळल्या की झालं, पाच मिनिटांचं काम. तिला दूरदृष्टी नाही.

४ जून
डिझाइनच बदलणार. दोन काठ्या, प्रत्येकीच्या टोकांना एकेक दोरी. त्या दोन्ही काठ्या मधोमध बांधून तिसऱ्या काठीच्या टोकांना, आणि तिसरी मधोमध छताच्या एकाच हुकाला. काठ्या मोकळ्या हलल्या की ओढ चौघींत आपोआप सारखी. मी म्हणजे ना, कमालच आहे.

५ जून
जुनी चौकट काढली. ओले कपडे खुर्च्यांवर, जेवण उभ्याने. संशोधनात चालायचंच.

६ जून
सासरे आले. जन्मभर क्रेन चालवली त्यांनी. चित्र पाहून म्हणाले, जावईबापू, छान आहे, पण करू नका. कारण विचारलं नाही. मत्सर कळतो मला.

७ जून
झाडूच्या दांड्याचे तीन तुकडे केले. बायकोने विचारलं, केर कशाने काढू? किरकोळ प्रश्न.
सोमवारी तिचा इंटरव्ह्यू. मुख्याध्यापिका व्हायची बारा वर्षं वाट बघतेय बिचारी. एकच चांगला कोट आहे, तो उद्या धुवून वाळवायचाय. चौकट तयार असेल, शब्द दिला.

८ जून, दुपारी ४
टांगली. दोऱ्या बोटाने छेडल्या, चौघींचा एकच सूर. डोळे भरून आले.

४.१०
बायकोने ओला कोट डाव्या कडेला घातला. चौकट कलली, कलतच गेली. कोट घसरून थेट फरशी पुसायच्या बादलीत. ताण मात्र शेवटपर्यंत सारखा होता, हे कोणी पाहिलंच नाही.

४.३०
सासऱ्यांना फोन. म्हणाले, ओढ सगळ्यांना सारखीच, मग जड बाजू धरून ठेवणार कोण? तुम्ही तराजू केलात. मी म्हटलं, परवाच सांगायचं. म्हणाले, विचारलंत कुठे.

९ जून
बायकोने कोट तीनदा घासला. डाग गेला नाही. फार वाईट वाटतंय. डिझाइनबद्दल नाही, तिच्याबद्दल.

१० जून, सोमवार
मेहुणीचा कोट घालून गेली, बाह्या आखूड. तरी निवड झाली. घरी येऊन स्टुलावर चढली, माझ्या काठ्या काढल्या, दोऱ्या पूर्वीसारख्या छताला बांधून चार गाठी आवळल्या. पाच मिनिटं. चौकट सरळ.
मग म्हणाली, समान वाटणीची कल्पना मात्र पटली. धुणं, भांडी, केर, स्वयंपाक, चारही इतकी वर्षं तिच्याकडे होती. दोन आजपासून माझी. वाद घालायला तोंड उघडलं, पण तिच्या आखूड बाह्या दिसल्या. केर काढायला उठलो.
झाडूला दांडा नाही. वाकून काढला.