शिव्या देणारी गिऱ्हाइकं

३ फेब्रु., मंगळ.
ऑफिसात नवं काम. वडगावच्या साडीवाल्यांसाठी केलेलं आमचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाचा मेसेज वाचून खूश की नाराज ते सांगतं. ते खरं निघालं का, हे मी दुकानांना फोन करून बघायचं. साहेब म्हणाले, "शुक्रवारी दुकानदार येणारेत. बरोबर आहे म्हणून लिहून टाक." म्हणजे तपासायचं की नुसतं लिहायचं?

४, बुध.
संकेश्वरच्या एका बाईंचा मेसेज: "मुडद्या, असली साडी आधी का दावली न्हाईस रं?" मशीन म्हणतंय, अति नाराज. दुकानदार अण्णांना विचारलं तर हसतच सुटले. "लई खूश हाईत त्या. लेकीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडंच बांधला."
दुसरा मेसेज, कुणा सरांचा: "आपली सेवा उत्तम. धन्यवाद." अति खूश. अण्णा म्हणाले, "साडी परत पाठवली त्यांनी. आता फोन बी उचलत न्हाईत."
दिवसभर हेच. आमच्याकडं माया असली की शिवी, आणि संबंध तोडायचा असला की पुस्तकी मराठी.

५, गुरु.
साहेबांना दाखवलं. "अपवाद आहेत ते. तुझं निपाणीचं मराठी, म्हणून तुला तसं वाटतं." स्वतः खानापूरचे! म्हटलं, तुमच्या आईंचा एखादा मेसेज घालून बघू. घातला: "जिता हाईस का मेलास? जेवायला ये." अति नाराज, गिऱ्हाईक तुटण्याची शक्यता.
साहेब उठले. बाहेर जाऊन आईला फोन केला.

६, शुक्र.
दुकानदारांना खरं तेच सांगितलं. काम गेलं तर माझी नोकरीही... अण्णा म्हणाले, "मग उलटं वाचूया की. नाराज म्हंजे खूश."
साहेबांचा चेहरा खुलला. मीच वाचून दाखवलं: "मुडद्या, एका धुण्यात रंग गेला." ही बाई खरंच भडकलेली. उलटंही चालेना. चहा गार झाला.
शेवटी ठरलं, महिनाभर मेसेज मी वाचायचे, मशीननं माझ्याकडून शिकायचं. मग बघू म्हणाले दुकानदार. या 'बघू'चा अर्थ मला विचारू नये.

९, सोम.
पहिलाच मेसेज कणकुंबीचा. दोन शब्द: "बरं हाय."
मशीन: सांगता येत नाही. सगळं ऑफिस माझ्या खुर्चीमागं उभं. साहेब म्हणाले, "बोल, खूश की नाराज?"
चारदा वाचला, एकदा मोठ्यानं. फोन लावला तर तिकडं रेंज न्हाई.
म्हटलं, जेवून आल्यावर सांगते.