हल्ला माशाने केला नाही, दोरी माझी होती

प्रति,
मा. संचालक,
भीमाकाठ जलबचाव पथक,
सोलापूर.

अर्जदार : सोनाली रुद्रप्पा कलशेट्टी, डायव्हर (कंत्राटी).

विषय : श्री. बाळू सोपान मल्लाव यांच्यावरील कारवाई मागे घेण्याबाबत व माझा जबाब रद्द समजण्याबाबत.

संदर्भ : १) श्री. मल्लाव यांना दिलेली कारणे दाखवा नोटीस, दि. ३ फेब्रुवारी २०२५.
२) माझा लेखी जबाब, दि. १६ जानेवारी २०२५.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवते की, संदर्भ क्र. २ चा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला असून त्यातील दोन गोष्टी खोट्या आहेत. मोठ्या माशाने माझ्यावर हल्ला केला, ही एक. सहकारी श्री. मल्लाव मला पाण्यात सोडून निघून गेले, ही दुसरी. त्या जबाबावरून त्यांना पथकातून कमी का करू नये, अशी नोटीस निघाली आहे व खुलाशाची मुदत १४ तारखेला संपते.

२. उजनी धरणाच्या फुगवट्यात दोन फुटांखाली स्वतःचा हात दिसत नाही, हे आपण जाणताच. तिथे आम्ही कमरेला दोरी बांधूनच उतरतो. दुसरे टोक नावेत असते. एक हिसका म्हणजे ठीक, तीन हिसके म्हणजे वर ओढा. गेली चार वर्षे माझे दुसरे टोक श्री. मल्लाव यांच्याच हातात असे. जानेवारीत कर्नाटक किनाऱ्याजवळच्या एका बेटावर समुद्री प्रशिक्षणासाठी आम्हा दोघांना पाठवण्यात आले. मोकळी दोरी घेऊन समुद्रात कुणीही उतरायचे नाही, असे प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. मी मान डोलावली. पण दोरीशिवाय उतरायची मला भीती वाटत होती. म्हणून प्लॅस्टिकची सहा मीटर दोरी जाकिटाखाली कमरेला गुंडाळून मी उतरत असे. हे मी कुणालाही सांगितले नाही.

३. दि. १६ रोजी सकाळी दहाच्या सुमारास प्रशिक्षक, श्री. मल्लाव व मी असे तिघे चौदा मीटर खोलीवर होतो. पाणी इतके स्वच्छ होते की, खालचा खडक आणि वरच्या बोटीचा तळ एकाच वेळी दिसत होता. एवढे पाणी डोळ्यांनी मी कधी पाहिले नव्हते. त्यानेच मला घाबरवले. मी जाकिटाखालची दोरी उलगडून तिचे मोकळे टोक मुठीत धरले; दुसरे कमरेला बांधलेलेच होते. इतक्यात अंगावर सावली आली. वर पाहिले तर पांढरे पोट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपेक्षा रुंद. मांटा नावाचा तो राक्षसी पाकट होता. तोंडाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारख्या दोन झडपा आणि मधे उघडा जबडा. हा मासा पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, त्याला नांगी नसते, तो माणसाजवळ येतो ते कुतूहलाने व आपल्या श्वासाचे बुडबुडे अंगावर घ्यायला, असे प्रशिक्षकांनी आदल्या दिवशी सांगितले होते. त्यातले एक अक्षरही मला तेव्हा आठवले नाही. मी दोन्ही हात वर फेकले. दोरी मुठीतून सुटली, तरंगत वर गेली आणि त्याच्या शिंगांच्या मधे अडकली.

या माशाला मागे सरकता येत नाही. दोरी लागताच तो जागच्या जागी कोलांटला, पुन्हा कोलांटला, आणि त्याच्या अंगाला दोन वेढे बसले. मग तो खाली निघाला. माझी कमर त्याच्याबरोबर निघाली. कानात सुई घालावी तशी कळ गेली. मी सवयीने दोरीला तीन हिसके दिले. दुसऱ्या टोकाला मासा होता.

४. खोलीचा काटा सव्वीसवर असताना कुणीतरी मागून माझा पट्टा धरला. ते श्री. मल्लाव होते. त्यांनी सुरी काढून माझ्या कमरेजवळ दोरी कापली आणि मला वर नेऊन प्रशिक्षकांच्या हाती दिले. त्यानंतर ते पुन्हा खाली गेले. प्रशिक्षकांनी 'वर चला' अशी खूण दोनदा केली होती, हे खरे आहे. नोटिशीतील तेवढा भाग मी नाकारत नाही.

खोलवरून एकदम वर येणे धोक्याचे असते, म्हणून पाच मीटरवर बोटीच्या नांगराचा दोर धरून आम्हाला थांबावे लागले. तेथून मला खालचे दिसत होते. श्री. मल्लाव माशाच्या समोर गेले नाहीत. बाजूने, त्याच्या डोळ्याला दिसेल असे गेले. मासा आधी तडफडत होता. त्यांनी पंखावर हात ठेवल्यावर तो संथ झाला, जवळजवळ थांबला. पहिला वेढा त्यांनी कापला. दुसरा मांसात रुतलेला होता, तो कापेपर्यंतही मासा थांबून राहिला. मग मोकळा होऊन तो वर आला व आमच्या भोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला ते पांढरे पोट माझ्या डोक्यावरून गेले आणि मी डोळे मिटून घेतले. श्री. मल्लाव वर आले तेव्हा त्यांच्या टाकीत हवा उरलीच नव्हती म्हटले तरी चालेल.

बोटीत मी त्यांच्यावर ओरडले, "काका, मला तसंच सोडून तुम्ही माशाकडं गेलात?" ते म्हणाले, "अगं, तुला मास्तरांच्या हाती दिली की. दोरी आपली हुती. आपल्या दोरीनं त्येचा जीव जाऊ द्याचा व्हय?"

५. दोरीचे कळले तर मला घरी पाठवतील, या भीतीने मी कमरेचा तुकडा समुद्रात टाकला आणि दुपारी तो जबाब लिहून दिला. श्री. मल्लाव यांना दोरी माहीत होती. त्यांनी कुणाला सांगितले नाही.

६. दि. २९ जानेवारी रोजी फुगवट्यावरच्या एका गावात मोटारपंपाच्या तराफ्यावरून एक शेतकरी पाण्यात पडला. शोधासाठी मला उतरवले होते. पाण्यातल्या काळोखात केळीचे पान तोंडावर आले आणि मी किंचाळत वर आले. काठावर त्या माणसाची बायको उभी होती. श्री. मल्लाव म्हणाले, "तू बस हितं. मी जातो." त्यांनीच त्याला शोधून काढले. पथकाच्या नोंदवहीत मात्र शोधणारी म्हणून माझे नाव आहे, तेही त्यांनीच लिहायला लावले. मी आज पाण्याखाली जाण्यास लायक नाही. अशा स्थितीत मला उतरवले तर एखाद्याच्या जिवावर बेतेल.

७. श्री. मल्लाव यांना वाचता येत नाही. दि. ४ रोजी ती नोटीस घेऊन ते माझ्याच घरी आले, "वाच गं, काय म्हंत्यात सायेब" म्हणाले. मी सगळी वाचली. 'सहकाऱ्याने मला मरणाच्या दारात सोडले', हे माझ्या जबाबातून घेतलेले वाक्य तेवढे गाळले. ते चहा पिऊन गेले. तेव्हापासून मला पाण्याची वाटत नाही एवढी भीती त्या वाक्याची वाटते.

८. सबब विनंती की, माझा जबाब रद्द समजावा, श्री. मल्लाव यांच्यावरील नोटीस मागे घ्यावी व नियमाप्रमाणे होणारी कारवाई माझ्यावर करावी. मला पाण्याखालच्या कामातून कमी केल्यास माझी तक्रार राहणार नाही.

हा अर्ज देण्यापूर्वी आज सकाळी मी तो श्री. मल्लाव यांना त्यांच्या दारात बसून वाचून दाखवला, ते वाक्यही वाचले. त्यांनी मान खाली घालून ऐकले. मग म्हणाले, "दोरी कापेपत्तुर मासा थांबला, त्ये लिवलंस न्हवं?" मी हो म्हणाले. "मग दे," म्हणाले आणि जाळे विणायला बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
सोनाली रुद्रप्पा कलशेट्टी
(सही)
सोलापूर, दि. १० फेब्रुवारी २०२५

सोबत : १) नोटिशीची छायाप्रत.
२) प्रशिक्षकांच्या नोंदवहीतील दि. १६ जानेवारीचे पान.